शून्य, तीन, शून्य, दोन : १२८ च्या आसपास काय घडते

एखादा पूर्णांक घ्या, तो द्विमान पद्धतीत लिहा, त्यातले १ मोजा आणि ती मोजणी मूळ पूर्णांकात मिळवा. १२३ द्विमानात ११११०११ असा लिहितात. त्यात सहा वेळा १ येतो, म्हणून १२३ + ६ = १२९. १२४ म्हणजे १११११००, त्यात पाच १, म्हणून १२४ + ५ = १२९. १२८ म्हणजे १०००००००, त्यात एकच १, म्हणून १२८ + १ = १२९. तीन वेगवेगळ्या संख्या एकाच मुक्कामी पोहोचल्या. १२९ च्या आधीच्या कुठल्याही संख्येला हे भाग्य लाभत नाही. तिथे फार तर दोन वाटा येऊन मिळतात.

आता १२९ च्या दोन्ही बाजूंना पाहा. १२८ पर्यंत एकही वाट येत नाही आणि १३० पर्यंतही नाही. ज्या संख्येपासून वाट येते तिला जनक म्हणू. मधल्या संख्येला तीन जनक आणि शेजारच्या दोघी निर्वंशाच्या उलट, म्हणजे जनकाविनाच अस्तित्वात असलेल्या. १२८ ते १३५ या आठ संख्यांचे जनक मोजून ओळीने मांडले तर असे दिसते:

०, ३, ०, २, २, ०, ३, ०

ही ओळ उजवीकडून वाचली तरी तीच राहते. ६४ ते ७० या सात संख्यांसाठी २, १, १, २, १, १, २ मिळते. तीही दोन्हीकडून सारखीच. या लेखाचे प्रकरण एवढेच आहे: ही समता कुठून येते? तिचे उत्तर मिळाले की या क्रमिकेबद्दलचे बाकी प्रश्न एकामागून एक सुटत जातात. त्यांत ज्यांच्या उत्तरांना अनेक वर्षे लागली असे काही प्रश्नही आहेत.

पार्श्वभूमी

मिळवण्याची ही कल्पना मूळची दशमान पद्धतीतली आणि ती देवळालीची आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवले. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिले की शेवटी ६१७४ येते. या स्थिरांकामुळे त्यांचे नाव आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगभरच्या वाचकांपर्यंत ते पोहोचले. माझ्या मते मात्र कापरेकरांचे सर्वांत खोल काम ६१७४ हे नसून संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवण्याचे आहे. ६१७४ चा खेळ चार अंकांच्या चौकटीत आटोपतो. अंकांच्या बेरजेतून निघालेले प्रश्न मात्र अनंतापर्यंत जातात.

कापरेकरांची मांडणी सरळ आहे. ९१ च्या अंकांची बेरीज १०, म्हणून ९१ पासून १०१ मिळते. १०० च्या अंकांची बेरीज १, म्हणून १०० पासूनही १०१ मिळते. १०१ ला असे दोन जनक आहेत. दोन किंवा अधिक जनक असलेल्या संख्येला त्यांनी जंक्शन संख्या म्हटले. ज्यांना एकही जनक नाही त्या स्वयंभू संख्या. दशमान पद्धतीत १०० पर्यंत त्या तेरा आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. स्वयंभू संख्यांना देवळाली संख्या असेही म्हटले जाते. कोलंबियाचे गणिती बर्नार्डो रेकामान यांनी १९७० च्या दशकात याच संख्यांवर प्रश्न मांडल्याने कोलंबियन संख्या हे नावही रुळले.

मग द्विमानाकडे का वळायचे? दशमानात अंक दहा प्रकारचे असतात. हातचा आला की बेरीज कधी ९ ने उतरते, कधी १८ ने, आणि मूळ सांगाडा त्या गर्दीत झाकून जातो. तीनच्या पायावर गेलो तर उलटी अडचण येते. तीनचा प्रत्येक घात विषम असल्याने संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज दोन्ही सम असतात किंवा दोन्ही विषम. दोघांची बेरीज कायम सम येते आणि सगळ्या विषम संख्या काही न करता स्वयंभू ठरतात. तिथे फारसे शोधण्यासारखे उरत नाही. दोनचा पाया मात्र नेमका आहे. अंकांची बेरीज म्हणजे फक्त एकांची मोजणी, आणि तरीही वागणूक साधी नाही.

निरीक्षणे

न या संख्येच्या द्विमान रूपातल्या एकांच्या संख्येला आपण ए(न) म्हणू. ० पासून सुरुवात केली तर ए(न) ची क्रमिका ०, १, १, २, १, २, २, ३, १, २, २, ३, २, ३, ३, ४ अशी चालते. नील स्लोन यांनी १९६४ साली सुरू केलेल्या पूर्णांक क्रमिकांच्या विश्वकोशात तिचा क्रमांक ए०००१२० आहे. हा क्रमांकच सांगतो की ती संग्रहातल्या अगदी जुन्या नोंदींपैकी आहे. संगणकाच्या प्रोसेसरमध्ये ही मोजणी एका सूचनेत करण्याची सोय असते आणि तिला पॉपकाउंट म्हणतात.

न + ए(न) हे ओळीने काढू: ०, २, ३, ५, ५, ७, ८, १०, ९, ११, १२, १४, १४, १६, १७, १९. इथे थोडे थांबण्यासारखे आहे. ७ पासून १० मिळते आणि ८ पासून ९. मूळ संख्या एकने वाढली, पण उत्तर एकने घटले. ७ मध्ये तीन १ होते, ८ मध्ये एकच उरला. दोनचा घात ओलांडताना साठलेले सगळे एक एका झटक्यात विरतात. १२७ कडे सात एक आहेत आणि त्याचे उत्तर १३४ पर्यंत जाते, तर १२८ चे उत्तर फक्त १२९ आहे. घाताच्या अलीकडून येणारी उत्तरे आणि पलीकडून सुरू होणारी उत्तरे १२९ ते १३४ या पट्ट्यात एकमेकांवर चढतात. जंक्शने तयार होतात ती या पट्ट्यांमध्ये.

मिळवण्याऐवजी वजा केले असते तर हा गोंधळ झालाच नसता. न − ए(न) ही लजांद्र यांच्या सूत्रातली संख्या आहे. न! मध्ये, म्हणजे १ ते न यांच्या गुणाकारात, २ हा अवयव किती वेळा येतो ते ती सांगते. १०! साठी १० − २ = ८, आणि ५ + २ + १ असे हाताने मोजले तरी ८ च येतात. ही क्रमिका कधी मागे येत नाही, त्यामुळे तिथे वाटा एकमेकींना ओलांडत नाहीत. चिन्ह बदलले की स्वभावच बदलतो, आणि मला या विषयात सर्वांत आधी भावली ती ही गोष्ट.

आता न + ए(न) या यादीत ज्या संख्या येतच नाहीत त्या पाहू. विश्वकोशात त्यांचा क्रमांक ए०१००६१ आहे: १, ४, ६, १३, १५, १८, २१, २३, ३०, ३२, ३७, ३९, ४६, ४८, ५१, ५४, ५६, ६३. इथवर अठरा झाल्या. पुढे ७१, ७८, ८०, ८३, ८६, ८८, ९५, ९७, १०२, १०४, १११, ११३, ११६, ११९, १२१, १२८. म्हणजे १२८ पर्यंत चौतीस, जवळजवळ चारात एक. या यादीतले दोनचे घात वेगळे काढा: १, ४, ३२, १२८. मधले २, ८, १६ आणि ६४ गाळले गेले आहेत. यामागेही काही नियम असेल असा संशय येतो, आणि नियम आहे.

उलगडा

न ही संख्या दोनच्या कोणत्या घाताच्या पुढे किती आहे ते पाहायचे. तिला २^म + र असे लिहू, जिथे र हा ० ते २^म − १ यांमधला आहे. तिचे जनक दोनच ठिकाणी असू शकतात: २^म च्या पलीकडे किंवा अलीकडे. दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासायच्या.

पलीकडचा जनक २^म + क असा असेल. त्यात क मधले सगळे एक आणि शिवाय अग्रस्थानचा एक असतो. म्हणून त्याचे उत्तर २^म + १ + क + ए(क). हे २^म + र इतके व्हायचे तर क + ए(क) = र − १ हवे. म्हणजे पलीकडचे जनक तितकेच जितके र − १ चे जनक.

अलीकडच्या बाजूची युक्ती मला फार सुंदर वाटते. २^म − १ या संख्येत म जागा असतात आणि सगळीकडे १ असतो. त्यातून ट वजा केला की ट मध्ये जिथे १ होता तिथे ० येतो आणि जिथे ० होता तिथे १ राहतो. हातचा कुठेही घ्यावा लागत नाही. म्हणून २^म − १ − ट मध्ये म − ए(ट) इतके एक असतात. त्याचे उत्तर होते २^म − १ + म − (ट + ए(ट)). हे २^म + र इतके व्हायचे तर ट + ए(ट) = म − १ − र हवे. अलीकडचे जनक तितकेच जितके म − १ − र चे जनक.

न च्या जनकांच्या संख्येला ज(न) म्हटले, तर सगळे मिळून एका ओळीत मावते:

ज(२^म + र) = ज(र − १) + ज(म − १ − र)

ऋण संख्येला जनक नसतात, म्हणून तिथे ० धरायचे. ० चा जनक तो स्वतःच, कारण ० + ० = ०, त्यामुळे ज(०) = १. यात कुठेही अंदाज किंवा जवळजवळ नाही. हे सूत्र प्रत्येक घातासाठी आणि प्रत्येक र साठी तंतोतंत खरे आहे.

समतेचे कोडे इथेच सुटले. र च्या जागी म − र घातला की उजवीकडची दोन पदे फक्त जागा बदलतात. म्हणून २^म ते २^म + म या पट्ट्यातली ओळ दोन्हीकडून सारखी वाचता येते. १२९ चे तीन जनकही याच सूत्रातून येतात. म = ७ आणि र = १ घेतले तर ज(०) + ज(५) = १ + २. पलीकडचा एक जनक १२८. अलीकडचे दोन ५ च्या जनकांवरून मिळतात. ५ चे जनक ३ आणि ४, म्हणून १२७ − ३ = १२४ आणि १२७ − ४ = १२३. १३० साठी ज(१) + ज(४) घ्यावे लागते. १ आणि ४ दोन्ही स्वयंभू, म्हणून १३० ही स्वयंभू.

दोनच्या घातांचा संशयही फिटला. र = ० घेतला की ज(२^म) = ज(म − १) उरते. २^म स्वयंभू असायला म − १ स्वयंभू असावा लागतो, आणि तेवढे पुरते. ४ मध्ये म − १ = १, ३२ मध्ये ४, १२८ मध्ये ६. पुढची पाळी १३ आणि १५ ची, म्हणजे १६३८४ आणि ६५५३६ या स्वयंभू. ६४ मध्ये म − १ = ५ येतो आणि ५ ला दोन जनक आहेत, म्हणून ६४ लाही दोन: ५९ आणि ६०. स्वयंभू संख्यांची यादी घातांकांमध्ये पुन्हा स्वतःलाच भेटते.

सूत्राचा व्यवहारातला उपयोगही पाहण्यासारखा आहे. र हा म पेक्षा कमी नसेल तर दुसरे पद नाहीसे होते आणि फक्त ज(र − १) उरते. म्हणून मोठ्या संख्येचा जनक शोधायला तिच्या अलीकडच्या सगळ्या संख्या चाळत बसायची गरज नाही. ६१७४ घ्या. त्यातून ४०९६ आणि आणखी १ काढा: २०७७. त्यातून २०४८ आणि १ काढा: २८. त्यातून १६ आणि १: ११. त्यातून ८ आणि १: २. एकाही पायरीवर दुसरे पद जिवंत नाही. २ चा एकमेव जनक १. आता काढलेले घात परत मिळवत जा: १ + ८ + १६ + २०४८ + ४०९६ = ६१६९. त्यात पाच एक आहेत आणि ६१६९ + ५ = ६१७४. द्विमानात ६१७४ चा एकच जनक आहे आणि तो चार पायऱ्यांत हाती लागला.

जनक वाढत जातात तेव्हा

कापरेकरांनी दशमानात विचारलेला प्रश्न असा होता: नेमके दोन, तीन, चार जनक असलेली सर्वांत लहान संख्या कोणती? दोनसाठी १०१ आणि तीनसाठी १०^१३ + १ ही उत्तरे त्यांनी दिली. चारसाठी १०^२४ + १०२ असावे असा त्यांचा तर्क होता. पाचसाठी नरसिंग राव यांनी १९६६ साली १०^११११११११११२४ + १०२ ही वरची मर्यादा दिली. या संख्येतले शून्य लिहीत बसलो तर ते लाख कोटींच्या वर भरतील. असे आकडे पाहून कोणालाही वाटेल की यामागे एखादी अगम्य गणना असणार. द्विमानात तोच प्रश्न विचारला की ही भीती निघून जाते.

समजा र − १ = प आणि म − १ − र = फ. तर म = प + फ + २ आणि र = प + १. म्हणजे प ला काही जनक असतील आणि फ ला काही, तर २^(प + फ + २) + प + १ या संख्येला त्या दोघांचे मिळून तितके जनक असतात. सर्वांत लहान संख्या हवी असेल तर दोन्ही बाजूंना किमान एक जनक हवाच. एक बाजू रिकामी असती तर सगळे जनक दुसऱ्या बाजूच्या लहान संख्येकडेच असते आणि तीच आधी सापडली असती. घातांक प + फ + २ असल्याने दोन्ही बाजूंच्या सर्वांत लहान संख्या निवडायच्या आणि त्यांची बेरीज शक्य तितकी कमी ठेवायची. मग यादी आपोआप उभी राहते.

एक जनक: ०. दोन जनक: ० आणि ० जोडून २^२ + १ = ५. तीन: ० आणि ५ जोडून २^७ + १ = १२९. चार: ५ आणि ५ जोडून २^१२ + ६ = ४१०२. पडताळायचे तर ४१०२ चे जनक ४०९१, ४०९२, ४०९९ आणि ४१०० आहेत. इथपर्यंत संख्या अगदी आवाक्यातल्या आहेत. पण पाचसाठी ५ आणि १२९ जोडावे लागतात आणि २^१३६ + ६ येते, जी ४१ अंकी आहे. सहासाठी १२९ आणि १२९, म्हणजे २^२६० + १३०. सातसाठी १२९ आणि ४१०२, म्हणजे २^४२३३ + १३०, हिचे अंक १२७५. आठसाठी ४१०२ दोनदा, म्हणजे २^८२०६ + ४१०३. नऊसाठी ४१०२ आणि २^१३६ + ६ जोडायचे, तेव्हा घातांकच २^१३६ + ४११० होतो. तो एकटाच ४१ अंकी आहे. एकेक जनक वाढवण्याची किंमत घातांकाच्या मजल्यांनी चुकवावी लागते.

हीच युक्ती दशमानात चालवून पाहायला हवी, कारण कापरेकरांच्या संख्यांचे मर्म त्यातच आहे. १०^क − १ मध्ये सगळे ९ असतात. त्यातून कोणतीही संख्या वजा करताना हातचा लागत नाही, म्हणून १०^क च्या लगत पुढे ज(१०^क + र) = ज(र − १) + ज(९क − १ − र). क = १३ आणि र = १ घेतले तर ज(०) + ज(११५). दशमानात ११५ चे जनक ९८ आणि १०७. म्हणून १०^१३ + १ चे तीन जनक होतात: १०^१३, ९९९९९९९९९९९०१ आणि ९९९९९९९९९९८९२. दुसऱ्याच्या अंकांची बेरीज १०० आणि तिसऱ्याच्या १०९, त्यामुळे मिळवून पाहणे कागदावरही सोपे आहे. चारचा तर्क घ्या: क = २४, र = १०२. पहिले पद ज(१०१), आणि १०१ ला ९१ व १०० हे दोन जनक. दुसरे पद ज(११३), आणि ११३ ला ९७ व १०६ हे दोन. एकूण चार. देवळालीत बसून, संगणकाशिवाय, पंचवीस अंकी संख्येवर कापरेकरांनी बोट ठेवले ते आंधळेपणाने नाही. ती त्यांच्याच १०१ वर उभी आहे.

ही संख्या चार जनकांची सर्वांत लहान आहे हे सिद्ध करणे मात्र वेगळी गोष्ट होती, कारण दशमानात १०^क च्या पुढच्या पट्ट्याखेरीज इतर जागाही तपासाव्या लागतात. २०२१ साली मॅक्स अलेक्सेयेव आणि नील स्लोन यांनी कोणत्याही पायासाठी लागू होणारी आवर्ती सूत्रे मांडली आणि कापरेकरांचा तर्क व नरसिंग राव यांची संख्या दोन्ही बरोबर असल्याचे दाखवून दिले.

स्वयंभू संख्या किती?

१२८ पर्यंत चौतीस हे प्रमाण ०.२६५ च्या थोडे वर आहे. पुढे ते कुठे स्थिरावते? उंबेर्तो झानिएर यांनी १९८२ साली स्वयंभू संख्यांच्या वितरणावर निबंध लिहिला आणि त्यांना निश्चित, शून्याहून मोठी घनता असल्याचे सिद्ध केले. द्विमानात तिची किंमत ०.२५२६६०२५९० अशी सुरू होते. ती कशी येते हे वरच्या सूत्रावरून स्वतः काढता येते. ही वाट थोडी लांब आहे, पण चालून पाहण्यासारखी आहे.

ज्यांना जनक आहे त्या संख्यांना जनित म्हणू: ०, २, ३, ५, ७, ८, ९ वगैरे. २^म हून लहान जनित संख्या ग(म) इतक्या आहेत असे धरू. २^म + र जनित असते ती र − १ जनित असेल तेव्हा किंवा म − १ − र जनित असेल तेव्हा. दोन्ही गट मोजायचे आणि दोन्हींत आलेल्या एकदा वजा करायच्या.

पहिल्या गटात र − १ हा २^म − २ पर्यंत जातो. म्हणून तिथे ग(म) मिळतात, फक्त २^म − १ स्वतः जनित असेल तर एक कमी. ती केव्हा जनित असते? २^म − १ च्या खाली ट घेऊन मघाचीच उलटापालट केली तर ट + ए(ट) = म अशी अट मिळते. म्हणजे म जनित असेल तेव्हाच. यादीत १, १५ आणि ६३ या स्वयंभू आहेत आणि १, ४ व ६ या स्वयंभू असल्याचे ते फळ आहे. दुसऱ्या गटात म हून लहान सगळ्या जनित संख्या येतात. दोन्ही गटांत आलेल्या म्हणजे ज्यांची बेरीज म − २ होते अशा जनित संख्यांच्या जोड्या. क्रम उलटा असेल तर जोडी वेगळी धरायची. एकूण:

ग(म + १) = २ ग(म) + (म हून लहान जनित) − (म जनित असल्यास १) − (बेरीज म − २ असलेल्या जनित जोड्या)

म = ४ घेऊन पाहू. ग(४) = ११. ४ हून लहान जनित ०, २, ३ म्हणजे तीन. ४ स्वयंभू असल्याने त्याचे काही वजा होत नाही. बेरीज २ असलेल्या जोड्या दोन: (०, २) आणि (२, ०). २२ + ३ − २ = २३, आणि ३२ हून लहान बत्तीस संख्यांतून नऊ स्वयंभू वगळल्या तर तेवीसच उरतात.

आता दोन्ही बाजूंना २^(म + १) ने भागून सगळ्या म साठी बेरीज करायची. न ही जनित संख्या दुसऱ्या पदात म = न + १, न + २ अशी पुढे प्रत्येक वेळी येते आणि तिचा एकूण वाटा १/२^(न + १) होतो. तिसऱ्या पदात ती म = न असताना एकदाच येते आणि तिचा वाटाही १/२^(न + १), पण वजा चिन्हासह. ही दोन्ही पदे एकमेकांना पूर्ण छेदतात. उरतात फक्त जोड्या. (प, फ) या जोडीचे वजन १/२^(प + फ + ३), म्हणजे १/८ गुणिले १/२^प गुणिले १/२^फ. सगळ्या जनित न साठी १/२^न यांची बेरीज अ मानली, तर जोड्यांचे एकूण वजन अ²/८ होते. सुरुवात ग(०) = १ पासून होते. म्हणून जनित संख्यांची घनता १ − अ²/८, आणि स्वयंभू संख्यांची घनता

अ²/८

इथे अ हा द्विमानात लिहिला तर १.०११०१०११११११०१० असा सुरू होतो. दशांशचिन्हाच्या डावीकडच्या अंकाला शून्यावे स्थान धरले तर ज्या स्थानी १ आहे ती स्थाने जनित आणि जिथे ० आहे ती स्वयंभू. संपूर्ण संचाची ओळख या एका संख्येत साठवलेली आहे आणि तिच्याच वर्गावरून त्या संचाचे प्रमाण ठरते. वर्ग येतो तो दोन बाजूंमुळे: घाताच्या अलीकडची आणि पलीकडची.

आकडे घालून पाहा. सगळ्या संख्या जनित असत्या तर अ = २ झाला असता. त्यातून स्वयंभूंचे वाटे वजा करायचे. पहिल्या तीन, म्हणजे १, ४ आणि ६, घेतल्या तर २ − १/२ − १/१६ − १/६४ = १.४२१८७५. त्याचा वर्ग करून ८ ने भागला की ०.२५२७१६ येते. दोन कोटींपर्यंतची यादी न काढता फक्त तीन संख्यांनी घनता तीन दशांश स्थळांपर्यंत ठरवली. १३ आणि १५ घेतल्या की ०.२५२६६१८, आणि १८, २१, २३ घेतल्यावर ०.२५२६६०२५९. पुढची स्वयंभू संख्या ३० आहे आणि तिचा वाटा एक अब्जांशाहूनही कमी.

हा अंक कुठल्या जातीचा आहे यावरही उत्तर मिळालेले आहे. त्रोई आणि झानिएर यांनी १९९९ साली सिद्ध केले की तो बीजातीत आहे, म्हणजे पूर्णांक सहगुणकांच्या कोणत्याही बहुपदी समीकरणाचे ते मूळ होऊ शकत नाही.